चौघांचं एकच नाव

किसनरावांना फक्त एक नाव हवं होतं, आणि त्या ऑफिसात नेमकं तेच कुणाकडे नव्हतं.

"मले दुसरं काईच नको," फोनच्या स्पीकरवरून त्यांचा आवाज खोलीभर घुमत होता. "हे ज्या मानसानं केलं त्याचं नाव सांगा. लोकं माह्या दारात बसून राह्यले. त्यायले मी काय सांगू? कॉम्प्युटरनं केलं?"

बुलढाण्यात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं मांडून चौघं जण सॉफ्टवेअर बनवत. शंतनु मालक, पण मालक म्हटलेलं त्याला आवडत नसे. गार्गी त्याच्या कॉलेजातली, उद्धव मोताळ्याचा, आणि दीपमाला वडनेर भोलजीची. किसनरावांची धामणगाव बढ्याला मोठी रोपवाटिका होती आणि तिचं सगळं काम या चौघांच्या सॉफ्टवेअरवर चाले. म्हणजे मे महिना उजाडेपर्यंत तरी चालत होतं.

झालं होतं ते असं. मिरचीचं रोप लावणीला यायला चाळीस दिवस लागतात, टोमॅटोचं पंचवीस दिवसांत येतं. शेतकरी बुकिंग करताना रोपं कधी हवीत ते सांगतो, आणि सॉफ्टवेअर तिथून उलटं मोजून रोपवाटिकेच्या बायकांना रोज सकाळी यादी देतं, की आज या पिकाचे इतके ट्रे पेरा. मार्चमध्ये कुणीतरी पिकांच्या यादीत कलिंगड वाढवलं आणि त्या हातासरशी मिरचीपुढच्या चाळीसचे पंचवीस झाले. मिरची पंधरा दिवस उशिरा पेरली गेली. ठरल्या तारखेला लोक गाड्या घेऊन आले, तर ट्रेमध्ये बोटाएवढी रोपं. काहींनी तशीच नेऊन मेच्या उन्हात लावली आणि चार दिवसांत ती माना टाकून बसली. काही रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले, कारण दुसऱ्या रोपवाटिकांची बुकिंगं कधीच भरली होती. असे एकशे चाळीस शेतकरी. त्यात एक वडनेर भोलजीचे रंगराव, म्हणजे दीपमालाचे वडील. "माह्या पोरीचं सॉफ्टवेअर हाय तिथं," असं गावभर सांगत त्यांनी तिथं सहा हजार रोपं बुक केली होती.

कुणी केलं, हे शोधायला खरं तर दोन मिनिटं पुरायला हवी होती. कोडमध्ये कुणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवणारी सोय त्यांच्याकडे होती. दीपमालाने ती उघडली. अकरा मार्च, मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. आधी चाळीस, नंतर पंचवीस. शेरा, "छोटा बदल". आणि नाव, शंतनु.

चौघांनीही ते नाव वाचलं आणि चौघांनाही त्यातून काहीच कळलं नाही. कारण त्या ऑफिसात चौघंही शंतनु होते.

याची सुरुवात तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा सगळा कोड पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे फिरायचा. फोल्डरांची नावं तरी काय? "फायनल", "फायनल नवीन", "खरं फायनल", "उद्धव हात लावू नको". एक दिवस उद्धवच्या पँटच्या खिशातली पेन ड्राइव्ह धुण्यात गेली आणि तिच्यासोबत तीन आठवड्यांचं कामही. तेव्हा शंतनुने दीपमालाला सांगितलं, की आता काय ती पक्की सोय शोध. ती नवीन होती, हौशी होती. तिने पंधरा दिवस घालवले, वही भरवली. कोड ऑफिसातल्याच एका मशीनवर ठेवावा तर बुलढाण्यातली वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नाही. एक देशी कंपनी होती, पण तिच्याकडे मदतीला फोन केला की गाणंच ऐकू यायचं. शेवटी तिने बाहेरच्या देशातली एक मोठी साइट निवडली. लहान टीमला फुकट, प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, प्रत्येकाच्या फोनवर वेगळा ओटीपी येणार आणि प्रत्येक बदलापुढे ज्याचं त्याचं नाव. निवड चोख होती. आजही तिला कुणी विचारलं असतं तरी तिने तीच केली असती.

घोटाळा झाला तो नंतरच्या आठवड्यात. उद्धव तीनदा पासवर्ड विसरला आणि तीनदा बाहेर अडकला. गार्गीने फोन बदलला आणि ओटीपी जुन्या फोनवर येत राहिले. कामं खोळंबली. शंतनु वैतागला.

"चार नावं हवीत कशाला?" तो म्हणाला. "माझं अकाउंट वापरा सगळे. घरात कुणी माणसागणिक वेगळं दार पाडतं का?"

शंतनुला हे मनापासून वाटत होतं, हे सांगितलंच पाहिजे. तो पुण्यात पाच वर्षं नोकरी करून आला होता. तिथं एकेका ओळीच्या श्रेयावरून लोक एकमेकांचे गळे धरतात, हे त्याने पाहिलं होतं आणि त्याचा त्याला वीट आला होता. आपल्याकडे 'मी केलं' म्हणायचं नाही, काम झालं म्हणायचं, हा त्याचा नियम होता. दीपमालाला तो नियम फार आवडला. तिच्या घरी तरी काय वेगळं होतं? शेतातल्या निंदणीच्या किती ओळी कुणी काढल्या, हे तिच्या आईने, सोजराबाईंनी, कधी मोजलं नव्हतं. म्हणून तिनेच, स्वतःच्या हाताने, बाकीची तीन अकाउंटं बंद केली. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती.

अगदीच डोळे मिटून नव्हतं केलं तिने. शेऱ्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर लिहायचं, असं तिने ठरवून दिलं होतं. दोन महिने सगळ्यांनी लिहिलं. मग एकाने सोडलं, मग दुसऱ्याने, आणि शेवटी तिनेही सोडलं. राहिली ती फक्त ओरडायची पद्धत. कुणाला कोड त्या साइटवर टाकायचा असला की तो जागेवरून ओरडे, "टाकतो हो!" आणि बाकीचे मान वर न करता म्हणत, "टाक!" दोघांनी एकाच वेळी टाकू नये म्हणून सुरू झालेली ही पद्धत पुढे ऑफिसची गंमतच होऊन बसली. पाहुणे आले की हसायचे. खाली झेरॉक्सवाल्यालाही ते ऐकू जायचं.

आता तेच आठवायचा प्रयत्न चालला होता. अकरा मार्चला अकरा चाळीसला कोण ओरडलं होतं?

"मी तेव्हा रिपोर्टांची पानं करत होते," गार्गी म्हणाली. "यादीला मी हातच लावत नाही."

"माह्यं लग्न होतं ना सतराले," उद्धव म्हणाला. "मी ऑफिसात होतो, पन माह्यं ध्यान कुठं होतं? म्या केलं असतं त आठवलं असतं ना बे."

लग्नाच्या गडबडीत माणसाला गोष्टी आठवतात की विसरतात, हे त्याला कुणी विचारलं नाही.

शंतनु म्हणाला, की तो त्या दिवशी किसनरावांकडेच गेला होता. मग म्हणाला, की तो बुधवार असेल.

दीपमालाने वही काढली. अकरा मार्चच्या पानावर तिच्याच अक्षरात दोन शब्द होते, "कलिंगड बाकी". म्हणजे कलिंगडाचं काम तिच्या डोक्यात होतं. पण बाकी लिहिलंय, म्हणजे तिने केलेलं नव्हतं. की हे सकाळी लिहून मग तिनेच केलं? तिला एवढंच आठवत होतं, की दुपारी पाहिलं तर कलिंगड यादीत आलेलं होतं, आणि बरं झालं, एक काम हलकं झालं, असं तिच्या मनात आलं होतं. कुणी केलं, हे तिने विचारलं नव्हतं. तिथं कुणी ते विचारतच नसे.

आपण केलेलं नाही, अशी तिची जवळजवळ खात्री होती. त्या 'जवळजवळ'ने तिची झोप उडवली. ती पुन्हा पुन्हा ती ओळ उघडून बघे. लिहिण्याची ढब तिची होती, पण ढब सगळ्यांचीच तशी होती, कारण सगळ्यांना तिनेच शिकवलं होतं. तिला उद्धवचा संशय येई, मग त्याचा भाबडा चेहरा पाहून स्वतःचीच लाज वाटे. गार्गी बोलायची थांबली होती. चौघं चार दिशांना तोंडं करून बसत आणि कोड वर टाकताना आता कुणीच ओरडत नसे.

बुधवारी किसनरावांचा पुन्हा फोन आला. या वेळी शंतनुने स्पीकर लावला नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पण खोली ती केवढी! सगळं ऐकू येत होतं.

"हो, कळलं," शंतनु म्हणाला. "आमच्याकडची मुलगी आहे, किसनराव. दीपमाला. चांगली मुलगी आहे, कामात हुशार आहे, पण झालं चुकून तिच्याकडून. हो, तीच. वडनेरची. रंगरावांची."

दीपमालाला आधी वाटलं, आपण भलतंच ऐकलं. मग तिने गार्गीकडे पाहिलं. गार्गी स्क्रीनवर काहीतरी वाचत होती, आणि त्या स्क्रीनवर वाचण्यासारखं काही नव्हतं. उद्धव चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

"काऊन दादा?" दीपमालाचा आवाज फुटला. ऑफिसात ती एरवी जपून बोलायची, पण आता जे तोंडात आलं ते आलं. "माह्यं नाव काऊन घेतलं? म्या नाई केलं ते."

शंतनु तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तो खोटारडा माणूस नव्हता. हेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं.

"मग कुणी केलं?" त्याने विचारलं. "तू सांग. मी आत्ता, तुझ्यासमोर, त्यांना परत फोन लावतो."

तिने वही उघडली, अकरा मार्चचं पान पाहिलं आणि परत मिटली.

"सगळ्यांनी मिळून केलं म्हणून सांगू ना," गार्गी पुटपुटली.

"परवाच सांगितलं तसं. ते म्हणाले, एक आकडा चौघांनी मिळून कसा काय टाकला? म्हणाले, तुम्ही माणूस लपवताय. म्हणजे काम काढूनच घेणार होते ते." शंतनुने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "दीपमाला, माझं नाव सांगितलं तर ऑफिसच बसेल गं. मग आपण चौघंही घरी. आणि तुझे बाबाही त्या शेतकऱ्यांतलेच एक आहेत. आपली पोर म्हणून सांभाळून घेतील. आमच्यातल्या कुणाला ते सोडतील का?"

तू तरी कुठं सोडलंस मला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला रडू येत होतं आणि यांच्यासमोर रडायचं नाही, एवढं एकच त्या क्षणी तिच्या हातात होतं. ती उठून खाली गेली आणि झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उगाच उभी राहिली.

ती वर आली तेव्हा शंतनुने बाकी तिघांची वेगळी अकाउंटं पुन्हा उघडलेली होती. वीस मिनिटं लागली, तो म्हणाला. तीन वर्षं जे जमलं नाही ते वीस मिनिटांत झालं होतं. उद्धवने पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला. मिरचीपुढचे पंचवीस खोडून पुन्हा चाळीस करायचे अजून राहिले होते, कारण त्या ओळीला हात लावायचा कुणाला धीर होत नव्हता. ते दीपमालाने केलं. त्या नोंदींत तिच्या स्वतःच्या नावाने झालेलं हे पहिलंच काम. तीन वर्षांत तिने लिहिलेल्या हजारो ओळी शंतनुच्या नावावर होत्या, आणि तिच्या नावावर एवढीच एक, मिरचीची. उद्या कुणी तिऱ्हाईताने ती नोंद उघडली असती, तर त्यालाही वाटलं असतं, की जिने बिघडवलं तिनेच दुरुस्त केलं.

शनिवारी ती गावी निघाली. राजूरचा घाट उतरताना, मोताळ्याला, मलकापूरला गाडी बदलताना, ती मनात एकच वाक्य घोळवत होती. बाबा, म्या नाई केलं. बाकी जगाला काय वाटायचं ते वाटो, बाबांना तरी हे सांगायचं. ते ऐकतील, याबद्दल तिला शंका नव्हती. लहानपणापासून त्यांनी तिचं म्हणणं कधी खाली पडू दिलं नव्हतं.

वडनेरला उतरून ती आधी शेतातच गेली, कारण बाबा तिथंच असणार. गादीवाफे तयार होते, त्यांवर मल्चिंगचा चंदेरी कागद ताणून बसवलेला, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या. कागदाला ओळीने भोकं पाडलेली होती, दीड-दीड फुटावर, सहा हजार. एकाही भोकात रोप नव्हतं. रंगराव बांधावरच्या निंबाखाली डबा सोडून बसले होते, सोजराबाई भाकर वाढत होत्या. पोरीला पाहून दोघंही उठले.

"उन्हाची काऊन आली व माय?" सोजराबाई म्हणाल्या. "बस, पानी पे."

कुणी रागावलं नाही. तिला वाटलं होतं निदान बाबा गप्प राहतील, मान फिरवतील. तेवढं झालं असतं तर तिला बोलायला सोपं गेलं असतं.

"मी गेल्तो बेस्तरवारी किसनरावकडं," रंगरावांनीच विषय काढला. "लय लोकं जमले होते. धामनगावचे, नांदुऱ्याकडचे. एक-दोघं त लयच तापले होते, म्हने आता त्या ऑफिसातच जाऊन पाह्यतो. किसनराव मंग उठून म्हनाला, की नाव समजलं, रंगरावची पोरगी हाय. सगळे माह्याकडंच पाह्यले लागले."

दीपमालाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मंग?"

"मंग काय. उठलो." रंगराव भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते, तो खाल्ला मात्र नाही. "म्हनलं, हो, पोरगी माह्यी हाय. तिच्याच्यानं चूक झाली. तिच्या वतीनं मी तुमची सगळ्यायची माफी मांगतो. माह्यंबी वावर रिकामंच पडेल हाय, म्हनलं, मीबी तुमच्यातलाच हाव. हात जोडले."

"हात जोडले?"

"तं काय करू बाप्पा? लोकायचं नुसकान झालं. पन लोकं निवले. एक म्हातारा म्हने, ज्याचं सोताचं वावर रिकामं पडलं तो हात जोडून राह्यला, आता काय बोलाचं? चहा पेले अन् गेले सगळे. आता कोनी येत नाई तुमच्या ऑफिसात. तू घोर करू नको."

दीपमालाने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. रोपवाटिकेचं अंगण, शंभर-दीडशे माणसं आणि मधे उभे असलेले बाबा. गावच्या निवडणुकीत पडले तेव्हाही ते ताठ मानेने घरी आले होते. कधी कुणापुढे त्यांनी हात जोडलेले तिने पाहिले नव्हते, देवळात सोडून. तिच्यासाठी जोडले. जे तिने केलं नव्हतं, किंवा जवळजवळ केलं नव्हतं, त्यासाठी.

बसमधून आणलेलं वाक्य तिच्या जिभेवर तसंच होतं. ते बोललं की पुढचा प्रश्न काय येईल, हेही तिला कळत होतं. मंग कोनं केलं? आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग बाबांच्या मनात राहील ते एवढंच, की आपण एवढ्या लोकांसमोर पोरीच्या नावाने खोटं कबूल केलं, किंवा पोरगी आता आपल्याशी खोटं बोलतेय. यातलं कुठलं त्यांना द्यायचं?

रंगराव तिच्याकडे बघत होते. मन घट्ट करून माफी मागून आले होते खरे, पण त्यांच्या डोळ्यांत दोन दिवसांपासून काहीतरी अडकून बसलेलं असावं. त्यांनी ते आता अगदी हळू विचारलं.

"झालं ना माय तुह्याच्यानं? का उगाच कोनी तुह्यं नाव घेतलं?"

ती रिकाम्या वाफ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव बाबा. माह्याच्यानंच झालं."

रंगरावांनी केवढा तरी श्वास सोडला. हातातला तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच भूक लागल्यासारखे जेवू लागले.

"पाह्य," ते सोजराबाईंना म्हणाले, "म्हनलं नव्हतं मी तुले? माह्यी पोरगी काई झालं तरी खोटं बोलनार नाई."

सोजराबाईंनी दीपमालाच्या हातात भाकर दिली आणि पिठल्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं. बाबा बघत होते, म्हणून तिने तुकडा मोडला आणि खाल्ला.